पदार्थाचा इतिहास कसा शोधावा: घरच्या ताटापासून दप्तरखान्यापर्यंत

एखाद्या पदार्थाविषयी घरातील वडीलधारी माणसे ‘हा आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे’ असे सांगतात, तेव्हा ते ‘पूर्वापार’ बहुधा त्यांच्या आजीच्या लहानपणापर्यंत जाऊन थांबते. म्हणजे फार तर सव्वाशे-दीडशे वर्षे. त्यापलीकडे काय होते, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. ते शोधायचे तर भाषा, शेती, व्यापार आणि जुने कागद यांच्याकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील प्रादेशिक पदार्थांचा असा माग घेऊ इच्छिणाऱ्या, पण इतिहासाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या वाचकासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यासाठी लागणारी बरीच साधने आज कोणालाही उपलब्ध आहेत. जी खरोखर दुर्मीळ होत चालली आहेत, ती आपल्याच घरात आहेत, आणि म्हणून कामाची सुरुवात तेथूनच करावी.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की करून घ्यावी. पदार्थाला एकच एक जन्मतारीख नसते. त्यात पडणाऱ्या जिनसांचे वय वेगळे असते, कृतीचे वेगळे, नावाचे वेगळे आणि तो ज्या सणाला किंवा प्रसंगाला केला जातो त्या प्रथेचे वेगळे. ‘पुरणपोळी किती जुनी?’ या प्रश्नाला म्हणूनच निदान चार उत्तरे असतात आणि ती क्वचितच एकमेकांशी जुळतात. ही चार वये सुटी करून पाहणे, हीच या कामाची मुख्य पद्धत आहे. ‘हजारो वर्षांची परंपरा’ अशी जी विधाने सर्रास केली जातात, त्यांतील बहुतेकांत नावाचे वय सगळ्या पदार्थाला चिकटवलेले असते.

पदार्थ नेमका ठरवणे

‘महाराष्ट्रीय जेवण’ हा विषय शोधायला घेऊ नये. ‘पुरणपोळी’ हाही फार मोठा आहे. ‘खानदेशातील खापरावरची पुरणपोळी’ हा विषय हाताळता येण्याजोगा आहे. पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवलेली ती पोळी आणि देशावर पोळपाटावर लाटून तव्यावर भाजलेली पोळी यांत कणकेचा सैलपणा, भांडे, चूल आणि हाताचे कसब हे सगळेच निराळे आहे. दोन्हींचे नाव एक असल्यामुळे इतिहासही एक आहे असे समजू नये.

पदार्थ ठरला की तो ज्या ताटात वाढला जातो ते संपूर्ण ताट लिहून काढावे: सोबत काय असते, आधी काय वाढतात, उरलेल्याचे काय करतात. पुरणाची डाळ शिजवून काढलेले पाणी, म्हणजे कट, आणि त्याची आमटी पोळीपासून वेगळी काढली, तर अर्धा इतिहास हातातून निसटतो. का निसटतो ते पुढे येईल.

घरातील माणसांकडून नोंद घेणे

हा भाग सर्वांत निकडीचा आहे. ग्रंथ आणखी दहा वर्षांनीही ग्रंथालयात मिळतील, पण ऐंशी वर्षांची आत्या तोवर सांगायला असेलच असे नाही.

‘कसे करता?’ असे विचारून कृती लिहून घेणे ही सर्वांत कच्ची पद्धत होय. मुरलेली सुगरण अशा वेळी कृती सांगताना तिला ज्या गोष्टी उघड वाटतात त्या सगळ्या गाळते, आणि इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी नेमक्या त्याच असतात. माझ्या आत्याकडून येसर आमटी लिहून घेताना मला हा धडा मिळाला. येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून एकत्र दळलेले पीठ. मराठवाड्यात आणि नगरकडे लग्नाकार्यात याची आमटी करतात. आत्याने सांगितलेली कृती माझ्या वहीत पाच ओळींत संपली होती. नंतर एके दिवशी ती येसर करत असताना मी शेजारी ताणकाटा घेऊन बसलो आणि तिने उचललेली प्रत्येक मूठ कढईत पडण्याआधी परातीत मोजली. तिने तोंडी ‘दोन मुठी’ सांगितलेली बाजरी प्रत्यक्षात तीन मुठी निघाली. धणे भाजून झाल्यावर त्याच गरम कढईत तिने तेल न घालता मिरच्या टाकल्या आणि वरून झाकण ठेवले. हे तिने कधीच सांगितले नव्हते. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “अरे, खाट उठतो ना. वाड्यात पन्नास माणसं असायची, सगळी खोकत बसली असती.” एका झाकणातून मला लग्नघरचा वाडा, सामाईक चूल आणि माणसांची संख्या कळली. यांतले काहीही पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

तेव्हा करताना पाहावे, वजन करावे आणि मग प्रश्न विचारावेत. प्रश्न कृतीपेक्षा तिच्या आजूबाजूचे असावेत. तेल कोणते होते: करडईचे, जवसाचे, तिळाचे की शेंगदाण्याचे, आणि ते घाण्यावरून यायचे की दुकानातून? दळण जात्यावर व्हायचे की गिरणीत, आणि गावात गिरणी केव्हा आली? गहू रोज खाल्ला जायचा की फक्त सणाला? गूळ होता की साखर? हा पदार्थ कोणाच्या हातचा चालायचा आणि कोणाच्या हातचा चालत नसे? हा शेवटचा प्रश्न अवघड आहे आणि तो आपुलकीने विचारावा लागतो, परंतु त्याला वगळून महाराष्ट्रातील अन्नाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

माणसांना सन आठवत नाहीत, घटना आठवतात. म्हणून ‘कोणत्या वर्षी?’ असे न विचारता त्यांच्या भागातील मोठ्या घटनांचे खुंट ठोकून घ्यावेत. मराठवाड्यात ‘रझाकारांच्या आधी की नंतर?’ असे विचारले की सप्टेंबर १९४८ ची खूण मिळते. पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडे आणि कोकणात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ते त्या आधीचे आणि नंतरचे ताट न चुकता वेगवेगळे सांगतात. घरात गव्हाची पोळी रोजची केव्हा झाली, हे या एकाच खुणेवरून मी अनेक घरांत दहा-पंधरा वर्षांच्या फरकाने ठरवू शकलो आहे.

दोन हद्दी आखणे

घरची नोंद हाती आल्यावर पदार्थाच्या प्रत्येक अंगाला दोन हद्दी घालाव्यात. पहिली हद्द म्हणजे ‘याच्या आधी हे शक्य नव्हते’, आणि दुसरी म्हणजे ‘या वेळेपर्यंत हे अस्तित्वात आले होते’. पहिली हद्द बहुधा जिनसांवरून मिळते आणि दुसरी लिखित उल्लेखांवरून.

जिनसांची हद्द सर्वांत भक्कम असते, कारण वनस्पतींचा प्रवास चांगला अभ्यासलेला आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पपई, पेरू, सीताफळ, अननस आणि रताळे ही सर्व मूळची अमेरिका खंडातील आहेत. कोलंबसाचा प्रवास १४९२ चा, वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. म्हणून ज्या पदार्थाचा जीव मिरचीत आहे, तो आजच्या रूपात सोळाव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांचा होता. नव्या फळाला आपण जुन्या मिऱ्याचेच नाव थोडे बदलून दिले, आणि त्यामुळे ‘मिरची’ हा शब्द ऐकायला परका वाटत नाही. बटाट्याचे तसे नाही. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द आपले पोर्तुगीज मूळ अजून अंगावर मिरवतात. मात्र पहिली हद्द म्हणजे प्रत्यक्ष वापराची सुरुवात नव्हे. बटाटा आणि टोमॅटो महाराष्ट्राच्या रोजच्या स्वयंपाकात रुळले ते पुष्कळ नंतर, ब्रिटिश अमदानीत.

ही हद्द साबुदाण्याच्या खिचडीला लावून पाहावी. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातील सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गरापासून होतो. आपण खातो तो कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चचा असतो, कसावा अमेरिकेतून आला, आणि तमिळनाडूतील सेलम परिसरात त्याचा उद्योग उभा राहिला १९४० च्या दशकात. शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा. उपवासाची प्रथा मात्र फार जुनी आहे. म्हणजे प्रसंगाचे वय आणि पदार्थाचे वय यांत येथे कित्येक शतकांचे अंतर आहे. यामुळे खिचडीचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. उलट उपवासाच्या नियमाने नव्या जिनसांना कशी वाट करून दिली, हा एक खरा प्रश्न अभ्यासकाच्या हाती लागतो. जुन्या यादीत जे धान्य निषिद्ध ठरले होते, त्यात हे नवे कंद आणि दाणे नव्हतेच.

जुन्या समजल्या जाणाऱ्या धान्यांनाही हीच कसोटी लावावी. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेत लागवडीखाली आल्या आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात पोहोचल्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे मुख्य पीक जव, म्हणजे सातू, असल्याचे दिसून आले. आज सातूचे पीठ कोणी क्वचित करतो आणि ज्वारीची भाकरी ही त्या भागाची ओळख आहे. याउलट कुळीथ मात्र मूळचाच भारतीय. कोकणातील कुळथाच्या पिठल्यातील मिरची बाजूला काढली, तर त्यातली डाळ या भूमीची फार जुनी रहिवासी आहे.

पुरणपोळीवर ही पद्धत लावून पाहू

पोळीतील गहू आणि हरभरा पश्चिम आशियातून आले, परंतु तेही हडप्पा काळात. म्हणजे आपल्या दृष्टीने ते जुनेच. गुळाची परंपराही तितकीच खोल आहे. जायफळ इंडोनेशियातील मलुकू बेटांवरचे, समुद्री व्यापारातून आलेले, आणि संस्कृत वैद्यकग्रंथांना परिचित असलेले. तेव्हा जिनसांकडून पोळीला काही अडथळा नाही. नावात ‘पूरण’ म्हणजे भरण हा संस्कृत शब्द सरळ आहे, आणि ‘पोळी’ ही ‘पोलिका’तून आलेली. लिखित उल्लेखासाठी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाकडे जावे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत आणि गोड पुरण भरलेल्या पोळीसारखा पदार्थही आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. त्या काळी कन्नड आणि मराठी मुलूख एकाच राज्यात नांदत होते, म्हणून कन्नडमधील होळिगे व ओब्बट्टू, तेलुगूमधील बोब्बट्लू आणि आपली पुरणपोळी यांत ‘मूळची कोणाची?’ हा वाद मला निष्फळ वाटतो. राज्यांच्या आजच्या सीमा त्या पोळीला ठाऊक नव्हत्या.

पोळीची ‘या वेळेपर्यंत’ची हद्द अशी बाराव्या शतकात पडते. आता कटाच्या आमटीकडे पाहावे. पोळी जितकी जुनी तितकेच कटाचे पाणीही जुने, पण लाल तिखटाचा तवंग असलेली आजची आमटी सोळाव्या शतकाच्या आधीची असू शकत नाही. म्हणजे होळीच्या दिवशी एकाच ताटात बाराव्या शतकाची पोळी आणि तिच्याहून किमान चारशे वर्षांनी धाकटी आमटी शेजारी शेजारी वाढलेली असते. ताट संपूर्ण लिहून काढा असे आरंभी सांगितले ते यासाठी.

शब्दांचा माग

नाव तपासण्यासाठी तीन कोश जवळ असावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा असून त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. ती संगणकावर शोधता येते. त्यात शब्द असेल तर पदार्थाचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होते हे निश्चित. १९३० च्या दशकातील दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ जुन्या साहित्यातील अवतरणे देतो. त्याच्याही मागे जायचे तर शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, १९९९ चा, यादवकालीन मराठीपर्यंत नेतो.

कोश वापरताना सर्वांत मोठा धोका असा की नाव टिकते आणि त्याखालचा पदार्थ बदलतो. जुन्या संस्कृत ग्रंथांतील ‘मोदक’ हा बहुतेक ठिकाणी लाडवासारखा पदार्थ आहे. तो वाचून तांदळाच्या उकडीच्या कळीदार मोदकाचे वय ठरवता येणार नाही. उकडीचा मोदक भातपिकाच्या आणि नारळाच्या प्रदेशात का नांदतो आणि देशावर कणकेचा तळणीचा मोदक का होतो, याचे उत्तर कोशात नसून पावसात आणि मातीत आहे. ‘मानसोल्लासा’तील ‘इडरिका’ ही केवळ उडदाची आहे, तिच्यात तांदूळ नाही. तेव्हा तिला आजची इडली म्हणता येत नाही, फार तर तिची पूर्वज म्हणता येईल.

शब्द कधी कधी समाजांमधील देवघेव उघडी करतात. ‘मलिदा’ घ्या. मूळ फारसी शब्दाचा अर्थ कुस्करलेला, चोळलेला. आपल्याकडे पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा पिराला दाखवण्याची रीत अनेक गावांत आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, यांचा मलिदा मात्र भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा असतो, आणि तो एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ, नवस किंवा शुभकार्याच्या प्रसंगी करतात. फारसी नाव, कोकणचे पोहे-खोबरे आणि यहुदी प्रार्थना एका ताटात आलेली पाहिली की ‘शुद्ध’ पदार्थाचा शोध घेणे किती निरर्थक आहे हे ध्यानात येते.

ग्रंथ आणि कागद कसे वाचावेत

प्रत्येक साधनाला एक हेतू असतो आणि तो ओळखल्याशिवाय त्याची साक्ष काढू नये. ‘मानसोल्लास’ राजाच्या भोगांचे वर्णन करतो. त्यावरून शेतकरी काय खात होता हे कळत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ याच्या नेमके उलट आहे. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीच्या ओघात साध्या माणसांची खाणी तेथे सहज येऊन जातात, आणि सहज आलेला उल्लेख हा ठरवून केलेल्या वर्णनापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील भोजनाचे वर्णन वाचताना तर फारच जपावे. तेथे पक्वान्ने आध्यात्मिक रूपक म्हणून वाढलेली आहेत. पदार्थाचे नाव तेव्हा माहीत होते एवढेच त्यावरून घ्यावे. सतराव्या शतकातील रघुनाथ पंडितांचे ‘भोजनकुतूहल’ पदार्थांचे गुणदोष वैद्यकाच्या अंगाने सांगते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे तेथील मराठी दरबाराचा स्वयंपाक मराठीतच नोंदवते.

छापील पाकपुस्तकांत १८७५ चे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’, १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आणि १९७० चे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ ही एकापुढे एक ठेवून एकच पदार्थ तिन्हींत वाचावा. मापे शेर-तोळ्यांकडून वाटी-चमच्यांकडे कशी सरकली, हे पाहण्यासारखे आहे. वाटी-चमचा हे लहान कुटुंबाचे आणि शहरी स्वयंपाकघराचे माप आहे.

या शोधाची शिस्त शिकायची असेल, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांचे लेख वाचावेत. १९४३ मध्ये त्यांनी जिलेबीचा माग घेताना कालनिश्चिती असलेल्या ग्रंथांतील उल्लेख शोधून एका ओळीत मांडले आणि सुमारे १४५० च्या एका जैन कथाग्रंथापर्यंत मागे गेले. अरबी-फारसीतील ‘जुलाबिया’शी असलेले नाते त्यांनी लपवले नाही. उल्लेख सापडला तर पदार्थ त्या तारखेपूर्वी होता एवढेच सिद्ध होते. उल्लेख न सापडल्याने तो नव्हता असे सिद्ध होत नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

जिल्ह्यापुरती माहिती हवी असल्यास ब्रिटिशकालीन गॅझेटियर, म्हणजे जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ, फार उपयोगी पडतात. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आणि पुण्याचे खंड १८८५ चे आहेत. त्यांत पिकांचे क्षेत्र, बाजार, आणि जातवार रोजचे व सणाचे जेवण नोंदलेले आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि नागपूर मध्य प्रांतात असल्यामुळे त्यांच्या नोंदी या मालिकेत सापडणार नाहीत. त्या त्या राज्याच्या गॅझेटियरमध्ये पाहाव्या लागतात. पुष्कळ नवे अभ्यासक मुंबईचे खंड चाळून ‘विदर्भाची माहिती नाही’ म्हणून थांबतात, ते याच कारणाने. गॅझेटियरची भाषा अनेक समाजांविषयी अपमानकारक आहे. त्यातली वस्तुस्थिती उचलावी, विशेषणे तेथेच सोडावीत.

पेशवाईतील मेजवान्या आणि मुदपाकखान्याचे खर्च पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीत आहेत. मोडी येत नसेल, तर गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये संपादित केलेल्या निवडक कागदांच्या ४५ खंडांपासून आरंभ करावा. खर्चाची यादी ही सर्वांत सच्ची साक्ष असते, कारण ती कोणाला प्रभावित करण्यासाठी लिहिलेली नसते. याच्या उलट टोकाला भौगोलिक मानांकनाचे (जीआय) अर्ज येतात. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, कोल्हापूरचा गूळ यांच्या अर्जांत उगमाचा पुरावा द्यावाच लागतो आणि हे कागद चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडून सार्वजनिक होतात. त्यांत जुने संदर्भ आयते मिळतात. पण अर्जदाराला आपला दावा सिद्ध करायचा असतो, हे विसरू नये.

कागदावर न आलेले अन्न

वर सांगितलेली जवळजवळ सर्व साधने लिहिणाऱ्यांची आहेत, आणि लिहिण्याचा हक्क शतकानुशतके थोड्या जातींकडे होता. त्यामुळे केवळ ग्रंथांवर विसंबून लिहिलेला इतिहास हा राजवाड्यांचा आणि पक्वान्नांचा इतिहास होतो. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे अन्न नोंदवले. वाळवून ठेवलेल्या मांसाची चानी, वाट्याला आलेल्या प्रत्येक भागाचा उपयोग, तेलाच्या थेंबाची काटकसर, हे सारे त्यात आहे. पुस्तकाचे नाव जे म्हणते ते खरे आहे, आणि प्रत्येक अभ्यासकाने ते आपल्या कामाच्या आरंभी वाचावे असे मला मनापासून वाटते.

दुसरे साधन म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या आता ऐकायलाही मिळतात. दळता दळता बाईने भावाच्या जेवणासाठी काय रांधले, सासरी काय वाट्याला आले, हे ती स्वतःच्या शब्दांत सांगते. ओवीला तारीख नसते, पण कोणते अन्न मानाचे आणि कोणते हलाखीचे मानले जात होते, हे तिच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही.

आख्यायिकांचे काय करावे

त्या फेकून देऊ नयेत आणि पुरावा म्हणूनही वापरू नयेत. ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तीवर मांडे भाजले, ही कथा मांड्यांविषयीच्या जिव्हाळ्याची साक्ष आहे. मांड्यांच्या उगमाची नव्हे. तंजावरला संभाजी महाराजांच्या नावावरून सांबार झाले, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण ती सांगताना समकालीन कागद कोणी पुढे करत नाही. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेले साहित्य. शिवाय विदर्भात आजही कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात आणि तिच्या पुडाच्या वडीला सांबारवडी. एखादी गोष्ट ऐकली की तिच्यातील मुख्य शब्द बोलीत आणखी कोठे जगतो आहे, हे असे पाहावे. त्याने गोष्टीचा निकाल पुष्कळदा घरबसल्या लागतो.

अलीकडच्या पदार्थांबाबतही सावध राहावे. वडापाव १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे बटाटावडाही आधीचा आणि पावही आधीचा. नवी होती ती जोडणी, आणि ती गिरणी कामगाराच्या उभ्या उभ्या जेवणाच्या गरजेतून रुजली. पदार्थ ‘शोधला’ जातो म्हणजे बहुधा एवढेच घडते.

नोंद कशी लिहावी

शेवटी जे हाती आले ते लिहिताना प्रत्येक विधानाशेजारी ते कोठून आले हे लिहावे: पाहिले, ऐकले, वाचले की अनुमान केले. सांगणाऱ्या व्यक्तीचे वय, माहेर आणि सासर ही माहिती तिच्या परवानगीने घ्यावी. माहेर विशेष महत्त्वाचे, कारण पाककृती बाईबरोबर प्रवास करते, आणि ‘आमच्या गावची’ आमटी पुष्कळदा शंभर कोस दूरच्या माहेरची निघते. जे ठरले नाही त्याची जागा कोरी सोडावी. कोणीतरी पुढे ती भरील.

माझ्या वहीतील येसरची नोंद आता पाच ओळींची नसून चार पानांची आहे. तिच्यात मुठींची ग्रॅममधील वजने आहेत, झाकणाचे कारण आहे, मिरचीमुळे पडणारी सोळाव्या शतकाची हद्द आहे आणि बाजरीमुळे दिसणारे कोरडवाहू रान आहे. ‘येसर’ या शब्दाच्या व्युत्पत्तीपुढे मी जागा कोरी ठेवली आहे. आणि आत्याच्या माहेरच्या गावापुढे तिने स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात, गिरणी गावात येण्याआधी येसर दळणाऱ्या तीन बायकांची नावे लिहून दिली आहेत.